धुकं उठंल

आमच्या गच्चीवरून विमानांची पोटं दिसतात. घाटकोपर पश्चिमेला राहणाऱ्यांना यात नवल नाही. मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीवर पश्चिमेकडे तोंड करून उतरणारं प्रत्येक विमान आमच्या डोक्यावरून जातं. धावपट्टी इथून जेमतेम दोन-अडीच किलोमीटर. त्यामुळे चाकं बाहेर आलेली, पंखांच्या मागच्या फळ्या खाली झुकलेल्या आणि उंची फार तर चार-पाचशे फूट. पाहुणे दचकतात. आम्ही मात्र बोलताना वाक्य अर्ध्यावर सोडतो, विमान जाऊ देतो आणि उरलेलं वाक्य पुरं करतो. माझ्या बायकोनं तर फोनवर भांडतानासुद्धा हा विराम पाळलेला मी ऐकलाय.

वडील विक्रोळीच्या कारखान्यातून निवृत्त झाले तसे संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसू लागले. विमान कुठल्या जातीचं, कुठल्या कंपनीचं, यातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण चाळीस वर्षं यंत्रांजवळ काढल्यामुळे कान तयार होता. पावसाळ्यात ढग इतके खाली येतात की विमान दिसतच नाही, नुसता आवाज जातो. तो कसा ऐकायचा ते त्यांनी मला शिकवलं. उतरणारं विमान दमून घरी आलेल्या माणसासारखं येतं, इंजिन मंदावलेलं, शिट्टीसारखा एक लांब सूर. कधीतरी, बहुधा जुलैत, तो सूर आमच्या डोक्यावरून पुढे गेल्यावर मध्येच तुटायचा आणि इंजिनं एकदम गरजायची. खिडकीच्या काचा थरथरायच्या. वडील मान वर करून म्हणायचे, "गेलं परत." त्यात थोडी हळहळ असायची, दारापर्यंत आलेला पाहुणा चहा न घेताच माघारी गेल्यासारखी.

वैमानिक याला गो-अराउंड म्हणतात. उतरायचा बेत सोडायचा, इंजिनाला पूर्ण ताकद द्यायची, नाक वर, चाकं आत, पुन्हा आभाळात. साध्या उपकरण-पद्धतीनं, म्हणजे बाहेरचं दिसत नसताना उपकरणांच्या आधारानं, उतरताना जमिनीपासून 200 फुटांवर ही घटका येते. तोवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरायचं, नाही दिसले तर वर जायचं. "थोडं अजून खाली जाऊन बघू" ही तिसरी वाट नियमात नाही. मी एकदा हिशेब केला होता. आमच्या गच्चीवरून पुढे गेलेलं विमान त्या 200 फुटांवर पंधरा-वीस सेकंदांत पोहोचतं. म्हणजे आमच्यावरून जाताना आत बसलेल्या दोघांचं अजून ठरायचं असतं.

28 जून 2018, गुरुवार. रूट कॅनालसाठी रजा घेतली होती म्हणून मी घरी होतो, अर्धा गाल बधिर, ताटात मऊ भात. पाऊस होता. एक वाजून गेला असेल. एक आवाज आला तो नेहमीचा नव्हता. जेटचा नव्हे, पंखेवाल्या विमानाचा, आणि फार जवळून. मग एक धप्प. इतका साधा आवाज की मला वाटलं, वरच्या मजल्यावर कुणी कपाट पाडलं. दोन मिनिटांनी बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "अहो, सर्वोदयनगरकडे धूर कसला?"

मी गेलो. जाऊ नये हे कळत होतं, तरी गेलो. गल्लीच्या तोंडाशी पोलिसांनी अडवलं होतं. एका बांधकामाच्या जागी किंग एअर सी-90 जातीचं छोटं विमान कोसळलं होतं. धूर काळा, आणि पावसात भिजलेल्या रॉकेलसारखा वास. बांधकामावरचे मजूर रस्त्याच्या कडेला उभे होते. दुपारच्या जेवणाची सुट्टी होती म्हणून ते वाचले, हे नंतर सगळ्या बातम्यांत आलं. मला मात्र त्यातला एकच जण आठवतो. पिवळं हेल्मेट घातलेला तरुण पोरगा, हातात डब्याचं झाकण. डबा कुठे तरी राहिला होता. झाकणात हिरव्या मिरचीचा ठेचा होता आणि त्यावर पाऊस पडत होता. तो ते झाकण आडवंच धरून उभा होता, सांडू नये म्हणून.

पाच माणसं गेली. विमानातले दोन वैमानिक, दोन अभियंते, आणि खालून चालत निघालेला एक माणूस. त्या पाचव्याचा विचार माझ्या मनातून फार दिवस गेला नाही. विमानाशी त्याचा संबंध काय? तेवढाच, जेवढा माझा आहे. तो आमच्या घाटकोपरात रस्त्यावर होता.

टीव्हीवर संध्याकाळपासून सुरू झालं की वैमानिकानं मोकळी जागा बघून विमान तिथे नेलं आणि शेकडो जीव वाचवले. अशा बोलण्याची गरज मला कळते. गेलेल्यांच्या घरच्यांना काहीतरी हाताशी हवं असतं. पण पुढे अपघात तपास विभागाचा अहवाल आला, तो मी वाचला. कळला तेवढा कळला, न कळलेल्या भागासाठी भाच्याला धरलं, तो एरोनॉटिक्स शिकलेला. अहवालाचं म्हणणं असं की विमान फार कमी उंचीवर स्टॉल झालं आणि तिथून सावरणं शक्य नव्हतं. पंखांवरून हवा नीट वाहिनाशी झाली की विमान उडायचं थांबतं, त्याला स्टॉल म्हणतात. त्या उंचीवर स्टॉल झालेल्या विमानाला कुठे पडायचं हे कुणी निवडू शकत असेल असं मला वाटत नाही. त्या चौघांचं मोठेपण सिद्ध करायला ते लागतही नाही.

हे विमान कित्येक वर्षं जमिनीवरच होतं. मोठ्या दुरुस्तीनंतर चाचणीसाठी ते जुहूहून उडालं होतं आणि जुहूलाच परतत होतं. इथे थोडं जुहूबद्दल सांगायला हवं, कारण आज तिथे मुख्यत्वे हेलिकॉप्टरं उडतात आणि अनेकांना तो विमानतळ आहे हेच ठाऊक नसतं. 1928 साली सुरू झालेला हा देशातला पहिला नागरी विमानतळ. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पस मॉथ विमानातून उतरले ते इथेच. सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळाला तो इतका खेटून आहे की 24 सप्टेंबर 1972 ला जपान एअरलाइन्सचं एक भलंथोरलं डीसी-8 चुकून जुहूच्या चिमुकल्या पट्टीवर उतरलं आणि अर्थातच पट्टी संपली तरी थांबलं नाही. जीव कुणाचा गेला नाही, विमान मात्र भंगारात गेलं. वडील हा किस्सा असा सांगायचे जणू ते विमान त्यांनीच ढकलत बाहेर काढलं होतं.

तर जुहूला उतरायचं ते डोळ्यांनी. ढगातून हाताला धरून खाली आणणारी यंत्रणा मोठ्या विमानतळाकडे आहे, जुहूकडे नाही. म्हणून खराब हवेत छोटं विमान आधी मोठ्या विमानतळाच्या अदृश्य दोरीला धरून पूर्वेकडून, म्हणजे आमच्या बाजूनं, खाली येतं. जमीन दिसू लागली की ती दोरी सोडायची आणि नजरेनं जुहू गाठायचं. त्या दुपारी हवा बिघडत चालली होती. उपकरणांवरची नजर काढून बाहेर बघायचं, म्हणजे बाहेर काहीतरी दिसायला हवं. अहवालात हाच सांधा दाखवलाय. बिघडती हवा, उपकरणांवरून डोळ्यांवर येणं, दोन इंजिनांच्या ताकदीत फरक पडल्यामुळे विमानाचं अनपेक्षित एका कुशीवर होणं, आणि त्यातून आलेला दिशाभ्रम. दोघा वैमानिकांत नीट ताळमेळ नव्हता हेही लिहिलंय.

दिशाभ्रम हा शब्द मला आधी पोकळ वाटायचा. प्रशिक्षित माणसाला वर-खाली कळत नाही म्हणजे काय? भाच्यानं मला लोकलचं उदाहरण दिलं. कुर्ल्याला आपली गाडी उभी असते, शेजारची सुटते आणि क्षणभर वाटतं आपणच निघालो. फलाटाचा खांब दिसला की डोकं ठिकाणावर येतं. ढगात खांब नसतो. तोल सांभाळायला कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यात पाणी असतं. वळण अगदी सावकाश असलं तर ते पाणी हलतच नाही, आणि वळण लांबलं तर विमान वळतंय हेच शरीर विसरतं. मग सरळ केलं की वाटतं उलट्या बाजूला कललो. म्हणून माणूस पुन्हा कलतो, आणि ते त्याला अगदी बरोबर वाटत असतं. 1954 मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठानं उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या 20 जणांना घेऊन पाहिलं. बाहेरचं दिसेनासं केल्यावर विमान हाताबाहेर जायला सरासरी 178 सेकंद लागले. तीन मिनिटंही नाहीत. अर्थात घाटकोपरच्या विमानातले वैमानिक नवखे नव्हते. पण कान सगळ्यांचे सारखेच.

या प्रकरणानं मला एक वाईट सवय लावली. छोट्या विमानाच्या अपघाताची बातमी आली की मी ती सोडू शकत नाही. 14 सप्टेंबर 2023 ला विशाखापट्टणमहून आलेलं एक लियरजेट संध्याकाळी पाचच्या सुमारास मुंबईत आमच्याच वाटेनं 27 नंबरच्या धावपट्टीवर उतरताना बाजूला गेलं आणि तुकडे होऊन पेटलं. मुसळधार पाऊस, दृश्यता 700 मीटर. आतले आठही जण जिवंत बाहेर आले. त्या दिवशी धावपट्टी बंद राहिली, विमानं आभाळात घिरट्या घालत राहिली आणि आमच्याकडे अचानक शांतता झाली. शेजारच्या काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "काय झालं हो, विमानं का थांबली?" आवाज नसल्याचा आवाज आम्हाला असा ऐकू येतो.

700 मीटर हा आकडा मी पुष्कळ घोळवला. साध्या उपकरण-पद्धतीची सीमा साधारण 550 मीटर असते. म्हणजे कागदावर उतरता येण्याजोगी हवा. पण मुंबईच्या सरीला कागद कळत नाही. माझ्या घरातून समोरची सोसायटी दिसत असते, मी चहाचा कप घ्यायला वळतो आणि परत बघतो तर सोसायटी नाही. एका घोटात गेलेली असते.

माझा शाळेतला एक मित्र कलिन्याच्या बाजूला खासगी विमानांच्या कामावर होता. छत्री धरून पाहुण्यांना गाडीपासून शिडीपर्यंत नेणं, विमानात वर्तमानपत्रं, काजू, कुणाला लागतं ते विशिष्ट पाणी ठेवणं, असलं काम. तो म्हणायचा, एसटीत किंवा मोठ्या विमानात चालवणारा कोण हे प्रवाशाला ठाऊक नसतं. इथे प्रवाशाकडे कॅप्टनचा मोबाइल नंबर असतो. लग्न असतं, सभा असते, सौदा असतो. कुणी आरडाओरडा करत नाही. उलट अगदी गोड विचारतात, "कॅप्टन, पोहोचू ना?" बस. मित्र म्हणायचा, त्या 'ना'वर सगळं आहे. "पोहोचू का" म्हटलं तर तो प्रश्न असतो.

या 'ना'ची सगळ्यात लख्ख नोंद मला सापडली ती अमेरिकेतल्या एका अपघातात. 29 मार्च 2001, कोलोरॅडो राज्यातलं अ‍ॅस्पेन. डोंगरांच्या खोबणीत, समुद्रसपाटीपासून 7800 फुटांवर असलेला विमानतळ. भाड्यानं घेतलेलं गल्फस्ट्रीम-3 लॉस एंजेलिसहून निघालं, आत पंधरा प्रवासी आणि तीन कर्मचारी. अशा जातीच्या विमानांना तिथे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाच्या आत उतरणं भाग होतं. सूर्यास्त सहा अठ्ठावीसचा. प्रवासी उशिरा आले म्हणून विमान चाळीसएक मिनिटं उशिरा सुटलं. विमान दुसरीकडे न्यावं लागेल अशी शक्यता निघाली तेव्हा भाड्यानं घेणाऱ्यानं कंपनीला निरोप धाडला की विमान दुसरीकडे जाणार नाही. बर्फ पडत होता. त्यांच्या पुढे गेलेली विमानं धावपट्टी न दिसल्यानं परत फिरत होती, आणि हे वैमानिकांना ऐकू येत होतं. शेवटच्या टप्प्यात एक प्रवासी कॉकपिटमध्ये, दोघांच्या मागच्या घडीच्या आसनावर येऊन बसला होता. सात वाजून दोन मिनिटांनी, धावपट्टी काही शे मीटरवर असताना, विमान डोंगराच्या उतारावर आदळलं. अठराच्या अठरा गेले.

अमेरिकी तपास यंत्रणेनं मूळ कारण लिहिलं ते वैमानिकांचंच, धावपट्टी नीट दिसत नसताना ठरल्या उंचीखाली उतरले म्हणून. पण हातभार लावणाऱ्या कारणांत, रात्रीच्या मनाईच्या अस्पष्ट सूचनेच्या जोडीला, ग्राहकाचा दबाव आणि घड्याळ या दोन गोष्टी स्पष्ट नोंदवल्या. पर्यायी विमानतळ, रायफल नावाचा, मोटारीनं तासा-दीड तासाच्या अंतरावर होता. वैमानिकांच्या बोलण्यातही त्याचं नाव आलं होतं. मला राहून राहून तो मागे बसलेला माणूस दिसतो. तो काही बोलला नसेलही. नुसता बसला असेल, बाहेरचं बघायला, लहान मुलासारखा.

तो माणूस मला का दिसतो, ते सांगतो.

2011 चा जुलै. रत्नागिरीजवळ माझ्या चुलतभावाचा साखरपुडा होता. आम्ही कोल्हापुरात मुक्कामाला होतो आणि पहाटे भाड्याच्या तवेऱ्यानं निघालो. मी, आई, बायको, मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, आणि मागे पेढ्यांच्या करंड्या. ड्रायव्हर पन्नाशीचा, कमी बोलणारा, मलकापूरकडचा. मलकापूर ओलांडलं तसं धुकं दाट होऊ लागलं. आंबा गावाशी आलो तर समोरच्या टपरीची चिमणी दिसेना, फक्त वास. त्यानं गाडी बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि म्हणाला, "सायेब, च्या घिऊ. अर्धा तास थांबू. धुकं उठंल."

मी पुढच्या सीटवर होतो. घड्याळ बघितलं. म्हणालो, "साडेअकराचा मुहूर्त आहे हो. जाऊ ना हळूहळू?"

'ना' तिथे होता. मी दरडावलं नाही, उलट 'हो' लावून आदरानं बोललो. पण पैसे माझे होते, गाडी त्याच्या मालकाची होती, आणि मालकाकडे तक्रार गेली तर बोलणी त्याला बसणार होती. हे आम्हा दोघांनाही न बोलता कळत होतं. त्यानं एकदा आरशातून मागे बघितलं, आईकडे असावं. मग कनवटीची तंबाखू काढली, खाली उतरला, ओली करून पुढची काच बाहेरून घासली आणि गाडी घाटात घातली.

आंबा घाट ज्यांनी पावसाळ्यात उतरलाय त्यांना सांगायला नको. एका हाताला कातळ, त्यावरून पाणी, दुसऱ्या हाताला काहीच नाही, नुसतं पांढरं. तो डोकं खिडकीबाहेर काढून रस्त्याची कड बघत चालवत होता. मी खिडकीची काच खाली करून डावी बाजू सांगत होतो. सांगत होतो म्हणजे काय, मलाही दिसत नव्हतं. एका वळणावर पांढऱ्यातून एकदम पिवळे दिवे निघाले आणि त्यामागून लाल एसटी. हॉर्न दोघांनी एकाच वेळी वाजवला. गाडी थांबली तेव्हा माझ्या दाराखाली रस्ता नव्हता, गवत होतं. ते खालच्या बाजूला झुकलेलं होतं. मुलगी झोपेतून उठून म्हणाली, "आलं?"

आम्ही अकरा दहाला पोहोचलो. मुहूर्त साडेअकराचा, पण गुरुजी चिपळूणहून यायचे होते, तेच धुक्यात अडकले. साडेबाराला सुरुवात झाली. मी ड्रायव्हरला पोहे नेऊन दिले आणि वर दोनशे रुपये. त्यानं बशी घेतली तर चमचा बशीवर वाजायला लागला. त्यानं बशी बॉनेटवर ठेवली, तळवे पँटला पुसले. तळव्यांवर स्टिअरिंगच्या वेणीदार कव्हरचे वळ उठले होते, दोरीनं बांधल्यासारखे. मी बघितलं हे त्यानं बघितलं आणि हात खिशात घातले. "ऱ्हाऊ द्या, खातो नंतर," म्हणाला.

यातली मला सगळ्यात लागणारी गोष्ट घाटातली नाही. त्यानंतरची आहे. पुढची सात वर्षं मी हा प्रसंग पराक्रम म्हणून सांगत आलो. "काय ड्रायव्हर होता! हात पुढे केला तर दिसत नव्हता, अशा धुक्यात गाडी काढली पठ्ठ्यानं!" लग्नात, सोसायटीच्या मीटिंगनंतर, ऑफिसच्या डब्याला. ऐकणारे आपापले घाट काढायचे: वरंध, कसारा, आंबोली. सगळ्या गोष्टींत गाडी निघालेली असायची. टपरीवर थांबून दोन चहा घेतले आणि साखरपुड्याला उशिरा पोहोचलो, असली गोष्ट कोण कुणाला सांगणार? तिच्यात सांगण्यासारखं काहीच घडलेलं नसतं.

28 जून 2018 नंतर मी ती गोष्ट सांगायचं बंद केलं. मनाशी ठरवून वगैरे नाही. एकदा सुरू केली आणि "जाऊ ना" या जागेशी आलो तर पुढचं बोलवेना. घाटकोपरच्या त्या विमानात कुणी घाई केली होती असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे काही नाही. माझ्या डोक्यात दोन्ही एकमेकांना चिकटले ते झाकण आडवं धरलेल्या त्या पोरामुळे. ते सांडू न देणारे हात आणि खिशात गेलेले हात.

यंदाच्या जुलैतली गोष्ट. मुलगी आता बंगळुरात नोकरीला असते. शनिवार-रविवार जोडून येणार होती, रात्री साडेनऊचं विमान. पाऊस दुपारपासून झोडपत होता. हल्ली मोबाइलवर विमान दिसतं, त्यामुळे मी गच्चीच्या दारात, छत्री दाराला अडकवून, ठिपका बघत उभा. ठिपका ठाणे खाडीवर आला. मग वरून सूर ऐकू आला, तो दमून आल्यासारखा. दिवेसुद्धा दिसले नाहीत. मी मनात मोजू लागलो, एक, दोन, तीन. तेरा की चौदाला सूर तुटला. इंजिनं गरजली, गच्चीवरचा पत्रा थरथरला. वडील जाऊन पाच वर्षं झाली, पण माझ्या तोंडून त्यांचंच वाक्य निघालं. बायको खालून ओरडली, "काय झालं?" मी म्हटलं, "गेलं परत."

ठिपक्यानं समुद्रावर जाऊन वळसा घेतला, पुन्हा आला, पुन्हा गेला. मग उत्तरेकडे निघाला तो थेट अहमदाबाद.

ती पहाटे सव्वाचारला दारात उभी होती, केस ओले, बॅगेचं एक चाक तुटलेलं. आत येतानाच सुरू झाली. अहमदाबादला तीन तास विमानातच बसवून ठेवलं, एसी बंद, पाण्याची एक बाटली, शेजारचा माणूस जोरजोरात व्हिडिओ बघत होता. "आणि सांगू का बाबा, आमच्या पुढचं विमान उतरलं होतं! ते उतरलं, मग यांना काय झालं? सगळे तेच म्हणत होते. पायलट नवीन असणार. घाबरट."

मी आमटी गरम करत होतो. ती ओट्याला टेकून उभी राहिली, झाकण काढून वास घेतला.

"भात आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. "हात धू."